कबुतराची चाल

वातुसेंधे गावच्या चौकात फणसाच्या लाकडाचं केंतोंगान टांगलेलं आहे. पुरुषभर उंचीचा ओंडका, आतून कोरून पोकळ केलेला, पोटावर वरपासून खालपर्यंत एक चीर. दांडक्याचा टोला बसला की आवाज उसाच्या शेतांपलीकडे जातो. पोनिरीनच्या आजाने ते कोरलं, बापाने वाजवलं आणि बापाचे हात थरथरायला लागले तेव्हा दांडकं पोनिरीनकडे आलं. त्याबरोबर जोगोबोयो हे पदही आलं. जोगोबोयो म्हणजे गावाचा राखणदार. पगार नाही, गणवेश नाही, पण लग्नात जेवायला पहिल्या पंगतीत बसायचा मान.

पोनिरीन आडव्या अंगाचा, चिडका आणि खदाखदा हसणारा. त्याला दोन गोष्टींचा गर्व होता. एक म्हणजे त्याच्या दोन गाई. दुसरी म्हणजे त्याने हाक दिली की लवंगेची एक सिगारेट ओढून होण्याच्या आत अख्खं गाव रस्त्यावर येतं, ही.

लाकडाची भाषा सगळ्या गावाला पाठ होती. तीन-तीन टोले म्हणजे आग. चार-चार म्हणजे पूर, नाहीतर डोंगर धुमसतोय. पाच-पाच म्हणजे गुरं चोरीला गेली. दोन-दोन म्हणजे चोर. आणि कबूतर. कबुतराची चाल वेगळी. आधी एक संथ टोला, मग पंख फडफडल्यासारखे भराभर टोले, हळूहळू विरत जाणारे, शेवटी पुन्हा एक संथ. अर्थ असा की सगळं ठीक आहे, हात खाली करा, घरी जा. रोज दिवेलागणीला पोनिरीन कबूतर वाजवायचा आणि बाया तेवढ्या आवाजावर तान्ह्या पोरांना मांडीवर घ्यायच्या. चोर पकडला गेला की जोगोबोयोने ताबडतोब कबूतर वाजवायचं, असा दंडक होता. कबूतर वाजल्यावर जो हात उगारेल तो स्वतः गुन्हेगार.

एक चाल तेवढी बापाने लाकडावर वाजवून दाखवली नव्हती, मांडीवर बोटाने शिकवली होती. एक-एक. टोला, मग लांब श्वास, मग टोला. म्हणजे खून. "ही वाजवलीस तर मेलेल्याचं नाव मोठ्याने सांगायचं," बाप म्हणाला होता. "मारणाऱ्याचं माहीत असेल तर तेही. माहीत असून गिळलंस तर दांडकं दुसऱ्याच्या हातात दे आणि घरी बस." पोनिरीनच्या हयातीत ती वाजवायची वेळच आली नव्हती.

मग त्याच्या गाई गेल्या. त्या साली तांदूळ सोन्याच्या भावाने विकला जात होता, शहरातले कारखाने बंद पडले होते आणि माणसं काहीही चोरत होती. गाई त्याच्या बायकोने, तुमिराहने, हाताने चारा घालून वाढवलेल्या. एक तर महिन्याभरात विणार होती. राखणदाराच्याच गोठ्यातून चोरी! गावात हसू झालं. चौथ्या दिवशी ओढ्याकाठी दोन कातडी आणि एक न जन्मलेलं वासरू सापडलं. तुमिराहने ते वासरू आपल्या शालीत गुंडाळून पुरलं.

चोर पकडला गेला. शेजारच्या गावचा सुगेंग. गावाने त्याला रीतसर पोलिसांच्या ताब्यात दिलं आणि तो चार महिन्यांत सुटून आला. पुढच्या बाजारी त्याने पोनिरीनला भर गर्दीत गाठलं आणि दात काढत म्हणाला, "काय कांग, गोठा रिकामा ठेवलास की भरलास? गाभण गाईचं मटण मऊ असतं हां." कांग म्हणजे थोरला भाऊ. ज्याच्या गाई कापून खाल्ल्या त्यालाच थोरला भाऊ म्हणायला सुगेंगची जीभ अडखळली नाही. पोनिरीनने त्याचा गळा धरायला हात पुढे केला, तेवढ्यात लोक मधे पडले. त्या दिवशी घरी येऊन तो नुसता भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

चौकात मुर्सिनाहची कॉफीची टपरी होती. जाड आवाजाची, फटकळ बाई. गावातले लहानथोर तिला यू म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. तिच्या टपरीत त्या दिवसांत एकच विषय. "पोलिसात देऊन काय मिळालं?" ती उकळतं पाणी ओतता ओतता विचारायची. "चार महिने सरकारी भात खाऊन आला, गालफडं वर आली त्याची. आपल्या तुमिराहची बघा, आत गेलीत." मशिदीचं काम बघणारे, मयताला अंघोळ घालणारे जुवाहिर कोपऱ्यात बसलेले असायचे. ते म्हणायचे, "कायदा हळू चालतो, यू." त्यावर मुर्सिनाह म्हणायची, "मग त्याला सांगा, चप्पल बदल." सगळे हसायचे. पोनिरीन हसायचा नाही.

तो शुक्रवार होता. दुपारची नमाज नुकतीच सुटली होती. पोनिरीन टपरीत गरम टेंपे, म्हणजे तळलेली सोयाबीनची वडी, खात होता आणि मुर्सिनाह मागच्या विहिरीवर भांडी घासायला गेली. तिथून तिची किंकाळी आली. "माझा पंप! चोर!" पोत्यात पाण्याचा पंप घालून एक माणूस उसाच्या दिशेने पळत होता. पोनिरीनने टेंपे फेकलं आणि दहा पावलांत केंतोंगान गाठलं.

दोन-दोन. दोन-दोन. दोन-दोन.

नमाजच्या टोप्या घातलेली माणसं चपला सोडून धावली. उसाच्या कडेला चोर सापडला. त्याला केसांना धरून फरफटत चौकात आणलं, पोनिरीनपासून वीस पावलांवर. आधी थपडा बसल्या, मग चपला. मुर्सिनाहने पितळेची किटली त्याच्या तोंडावर मारली, तेव्हा पहिलं रक्त आलं. रक्त दिसल्यावर आवाज बदलला. कुंपणाचे बांबू उपटले गेले. तो उठायचा, पडायचा, कुणीतरी त्याला उठवून उभं करायचं, ते केवळ पुन्हा पाडता यावं म्हणून. एकदा तो वळला आणि पोनिरीनला त्याचा चेहरा दिसला.

सुगेंग होता.

दंडकाप्रमाणे आता कबूतर वाजायला हवं होतं. चोर हातात आला होता, पंप परत मिळाला होता. पोनिरीनचा हात क्षणभर थांबला. त्या थांबण्यात सुगेंगनेही त्याला ओळखलं. एक डोळा सुजून बंद झालेला, दात पडलेले, तरी तो त्या गोंगाटातून जिवाच्या आकांताने ओरडला, "वाजव! कांग, कबूतर वाजव! वाजव ना रे!"

पोनिरीनला शालीत गुंडाळलेलं वासरू दिसलं. त्याला बाजारातलं ते हसू ऐकू आलं. त्याने दांडकं घट्ट धरलं आणि वाजवलं. दोन-दोन. दोन-दोन. आधीपेक्षा जोराने. वाजवताना त्याला बरं वाटत होतं, अगदी पोटातून बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगा. टोल्यांच्या तालावर बांबू पडत राहिले. गर्दीला वाटलं, जोगोबोयो वाजवतोय म्हणजे अजून संपलेलं नाही. सुगेंग गुडघ्यावर आला, मग हातांवर, मग त्याने हातही सोडले. शेवटी कुणीतरी रस्त्याच्या कामाचा दगड दोन्ही हातांनी उचलला. ओलं कलिंगड फुटावं तसा आवाज झाला. मग गर्दी आपणहून मागे सरली आणि पोनिरीनचं दांडकं हातातून गळून पडलं.

पोलीस आले. "कोणी मारलं?"

"गावाने," मुर्सिनाह म्हणाली.

"गावाचं नाव लिहू आरोपी म्हणून?"

"लिहा की साहेब. वातुसेंधे. अक्षर चांगलं काढा."

साहेबही हसला. कागद कुठेतरी गेले आणि तिथेच राहिले. जुवाहिर यांनी एकट्याने प्रेताला अंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी टपरीत येऊन त्यांनी कॉफी मागितली नाही, उभ्याउभ्याच विचारलं, "न्याय केला म्हणता ना? मग काल पाणी ओतायला एक माणूस का आला नाही?" "चोराला धडा शिकवला," एकजण पुटपुटला. "धडा शिकायला तो उरलाय कुठे?" असं म्हणून जुवाहिर निघून गेले.

त्या दिवशी दिवेलागणीला पोनिरीन चौकात आला, दांडकं उचललं, पण कबुतराचा पहिला टोला काही त्याच्याने देववेना. "कांग, कबूतर वाजव" हे शब्द कानात तसेच होते. तो घरी परतला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आठवड्याने त्याने प्रयत्नच सोडला. गावात कुणी विचारलंही नाही. तेव्हा घरोघरी टीव्ही आले होते, बाया पोरांना त्याच्या आवाजावर झोपवत होत्या.

पुढची चार वर्षं वातुसेंधेत सुईदेखील चोरीला गेली नाही. गाव ताठ मानेने फिरत होतं. लोक पोनिरीनला दुसऱ्या गावांच्या पाहुण्यांना दाखवायचे, हा आमचा जोगोबोयो म्हणून. तो मान खाली घालायचा, त्यांना वाटायचं विनय आहे. मग बाकीच्या गोष्टी सुरू झाल्या. मीटबॉलचं सूप विकणारा गाडीवाला यायचा बंद झाला. अनोळखी माणूस या गावात वाट विचारायलाही थांबेना. लेकीबाळी माहेरी येताना आधी फोन करायच्या, जावयाला शाळेजवळ घ्यायला या म्हणून. शेताच्या बांधावरून भांडण झालं की एकजण दुसऱ्याच्या नावाने दोन-दोन वाजवायचा. डोक्याने अधू असलेला एक भटका कुणाच्या तरी दोरीवरचा सदरा घालून बसला, तर त्याचे दोन्ही पाय मोडले. दरवेळी चाल तीच आणि दरवेळी माणसं थकेपर्यंत मारत. थांबायचं कधी हे आता लाकूड सांगत नव्हतं.

वर्षातून एकदा मात्र गाव गप्प व्हायचं. उपवासाच्या महिन्याआधी लोक आपापल्या माणसांच्या कबरीवर फुलं वाहायला जातात. त्याच दिवसांत एखाद्या सकाळी सुगेंगची बायको रुमियाती यायची. केळीच्या पानात गुलाबाच्या पाकळ्या आणि कापलेला केवडा घेऊन चौकात उभी राहायची, जिथे दगड पडला होता तिथे फुलं टाकायची, वर थोडं पाणी शिंपडायची आणि निघून जायची. कबर दुसरीकडे असूनही ती इथे यायची. दारं बंद व्हायची. मुर्सिनाह टपरीची फळी खाली ओढायची. पोनिरीन कुडाच्या फटीतून बघायचा. तुमिराह एकदा मागून म्हणाली, "जाऊन बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"माझ्या गाईंचं नाव घेऊन जे केलंस ते सांग. मी सांगितलं नव्हतं तुला करायला." चौदा वर्षांत तुमिराह या विषयावर एवढंच बोलली. पण तो गेला नाही.

चौदाव्या वर्षी रुमियाती आली ती धाकट्या भावाच्या मोटरसायकलवरून. भावाचं नाव कास्दी. तिचे गुडघे दुखायला लागले होते म्हणून त्याने सोडायला आणलं होतं. येताना पाण्याची बाटली विसरली. "ताई, थांब, मी आणतो," असं म्हणून तो टपरीमागच्या विहिरीकडे गेला. त्याला गाव माहीत नव्हतं. मुर्सिनाहची नवी सून मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. तिला दिसलं एवढंच की हेल्मेट घातलेला एक परका माणूस तिच्या सासूच्या पंपापाशी वाकलाय. पडवीत बांबूचं छोटं केंतोंगान टांगलेलं होतं, तसं आता प्रत्येक घरात असायचं.

दोन-दोन. दोन-दोन.

दुसऱ्या घराने उचललं, मग तिसऱ्या. पोनिरीन कोंबड्यांचा खुराडा दुरुस्त करत होता. साठीला आलेला माणूस, पण धावला. चौकात पोचला तोवर कास्दीचं हेल्मेट काढून त्याच हेल्मेटने त्याला मारत होते. तो "पाणी, पाणी" म्हणत होता. त्याला पाणी न्यायला आलो एवढंच सांगायचं होतं. "आता पाणी हवं का चोराला?" कुणीतरी ओरडलं आणि त्याच्या तोंडात लाथ बसली. रुमियातीला दोन बायांनी दंडाला धरून भिंतीशी दाबलं होतं. तिच्या किंचाळण्यातून शब्द निघत नव्हते. पानातली फुलं तिच्या मुठीत चिरडली होती.

पोनिरीनने दांडकं उचललं. यावेळी हात थांबला नाही. एक संथ टोला, मग भराभर, विरत जाणारे, आणि शेवटी एक. कबूतर. चौदा वर्षांनी कबूतर उडालं.

मुर्सिनाहचा लाटणं धरलेला हात हवेत थांबला. दोन-तीन म्हातारे मागे सरकले. पण बाकीच्यांनी नुसत्या माना वळवल्या. सोळा-सतराची पोरं होती ती. त्यांनी ही चाल कळायला लागल्यापासून ऐकलीच नव्हती. "ही कसली चाल?" एकाने विचारलं. "काहीतरी मोठं दिसतंय!" दुसरा ओरडला. पोनिरीन जीव खाऊन वाजवत राहिला आणि जितकं वाजवलं तितकी पोरं आली. खालच्या मैदानावर व्हॉलीबॉल चालू होता, तिथली सगळी टोळी कुदळी आणि विळे घेऊन वर आली. नवी चाल म्हणजे नवा धोका, चोर एक नाही, दरोडेखोर असतील, असं समजून ती आली आणि जे समोर पडलं होतं त्याच्यावर तुटून पडली.

"अरे घरी जा!" पोनिरीन ओरडत होता. "घरी जायची चाल आहे ही, गाढवांनो!" कुणाला ऐकू जाणार?

त्याने दांडकं टाकलं, कोपरांनी वाट काढली आणि कास्दीच्या अंगावर आडवा झाला. पाठीवर बांबू बसला, मग बरगडीत लाथ. त्याने उजवा हात कास्दीच्या डोक्यावर धरला होता, तेवढ्यात कुदळीचा दांडा उतरला आणि कोपरापाशी हाड तुटल्याचं त्याला स्वतःलाच ऐकू आलं. दुसरा घाव बोटांवर. मुर्सिनाह गर्दीत घुसून लाटण्याने पोरांना झोडपत होती. "मेल्यांनो, जोगोबोयो आहे खाली! लिक आहे तुमचा, काका! बघा तरी कुणाला मारताय!"

तेव्हा कुठे हात थांबले.

कास्दी जगला. त्याचा एक डोळा गेला. भाजीच्या ट्रकमध्ये घालून त्याला तालुक्याला नेलं. रुमियाती मागे चढायला गेली, पण ट्रकमध्ये आधीच चारजण त्याला धरून बसले होते. तिला सांगितलं, तुला दुसऱ्या गाडीने आणतो. ती चौकातच राहिली. पोनिरीन खांबाला टेकून बसला होता, उजवा हात मांडीवर वेडावाकडा पडलेला. पोरं घोळक्याने उभी होती, कुदळी पाठीमागे लपवून. तुमिराह नवऱ्याच्या हाताला फडकं बांधत होती.

रुमियाती त्याच्यासमोर येऊन बसली. एवढ्या वर्षांत प्रथमच दोघं एकमेकांकडे बघत होती.

"तुम्ही मघाशी जी वाजवली," ती म्हणाली, "ती आमच्या गावातही होती. लहानपणी ऐकलीय मी. थांबायची ना?"

"हो."

"त्या दिवशीही होती ती? इथे, या गावात?"

"होती."

"कुणाच्या हातात होतं दांडकं?"

"माझ्या."

पोनिरीनला वाटलं, आता ही थुंकेल, नाहीतर दगड उचलेल. दगड तिच्या पायाशीच होता. त्याने मान थोडी पुढेही केली.

"तो मागत होता," पोनिरीन म्हणाला. "वाजव म्हणत होता. मी ऐकलं. त्याने माझ्या गाई नेल्या होत्या म्हणून मी वाजवली नाही. लोकांना मी न्याय झाला म्हणून सांगितलं, पण मला फक्त त्याचं हसू बंद करायचं होतं."

"चोर होता तो," रुमियाती म्हणाली. "मला ठाऊक होतं. मीही शिव्या द्यायचे त्याला. पण मेला तेव्हा कुणी सांगायलाही आलं नाही हो. भाजी घ्यायला गेले तेव्हा बाजारात कळलं मला. तुमच्या गावात माणूस मारला गेला तर काही वाजवतात की नाही?"

तुमिराहचे हात थांबले. पोनिरीनने तिच्याकडे बघितलं. ती उठली, धुळीत पडलेलं दांडकं उचलून शालीने पुसलं आणि त्याच्या डाव्या हातात दिलं. दोघींनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं.

एक.

त्याने लांब श्वास घेतला. बरगड्यांत कळ आली.

एक.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. ही चालही त्यांना माहीत नव्हती. पण बंद दारांच्या आतून म्हातारी माणसं बाहेर आली. जुवाहिर काठी टेकत आले, त्यांनी टोपी काढून हातात धरली. डोळे मोतीबिंदूने पांढरे झालेले. रिवाजाप्रमाणे विचारायचा मान त्यांचाच होता.

"कुणाचा खून झाला, जोगोबोयो?"

"सुगेंगचा. या चौकात. चौदा वर्षं झाली."

"मारणारा माहीत आहे?"

"माहीत आहे," तो म्हणाला आणि एवढ्या मोठ्याने बोलला की उसाच्या कडेला उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं. "पोनिरीन. या गावचा जोगोबोयो."

मुर्सिनाहने लाटणं खाली ठेवलं. तिचा जाड आवाज ओळखू येत नव्हता.

"मुर्सिनाह," ती म्हणाली. "किटली माझी होती."

ज्या माणसांनी त्या शुक्रवारी बांबू उपटले होते ती आता आजे झाली होती, नातवंडं त्यांच्या लुंग्यांना धरून उभी होती. सगळी जमिनीकडे बघत होती. दगड उचलणाराही त्यांतच होता. पोनिरीनने डाव्या हाताने पुढचा टोला दिला, आणि चिरडलेली फुलं मुठीत धरून रुमियाती तिसऱ्या नावाची वाट बघत उभी राहिली.